मोडता कोण घालणार?

हिंजवडी-मारुंजी मागे टाकून नेरे गावाकडे निघाले की काचेच्या इमारती विरळ होत जातात आणि भातखाचरे दिसू लागतात. दोन्हींच्या मधल्या पट्ट्यात प्लॉटिंगच्या पाट्या आहेत; त्यांच्याकडे शेवटी यावेच लागेल. काचेच्या इमारतींत परदेशी बँका, विमा कंपन्या, दुकानसाखळ्या यांच्या ग्राहकांची माहिती रात्रंदिवस चाळली जाते. हजारो मैलांवरचा माणूस काय घेतो, कधी घेतो, पुन्हा येतो की नाही, याचे आलेख तिथे निघतात. खाचरांत इंद्रायणी उभी असते. वडगाव मावळच्या कृषी संशोधन केंद्राने आंबेमोहर १५७ आणि आयआर ८ यांच्या संकरातून काढलेली ही जात १९८७ साली शेतकऱ्यांपर्यंत आली आणि मावळ-मुळशीत तिने असे घर केले की पुण्यात पाहुण्यांसाठी खास भात करायचा म्हटले की आता बहुतेकदा तिचेच नाव निघते. हा मऊ, वासाचा, थोडा चिकट तांदूळ परदेशात का जाऊ नये, असा प्रश्न शेतकरी गटांच्या बैठकींत हमखास निघतो. त्यावर ठरलेला सल्ला असा की आधी तिथल्या बाजाराचा अभ्यास करा: लोकांना विचारा, चव द्या, किंमत ताडून पाहा, पाकीट देखणे करा. सल्ला चुकीचा नाही, पण त्याची सुरुवात चुकीच्या माणसापासून होते.

सोयरीक जुळवणारा मुरलेला मध्यस्थ मुलामुलीची पसंती विचारतो खरा, पण त्याचे लक्ष दुसरीकडेच असते. या घरात मोडता कोण घालू शकतो, हे तो आधी हेरतो. कधी ती आत्या असते, कधी मोठे काका, कधी बैठकीत एक शब्दही न बोललेली आजी. पसंती सगळ्यांची असते, नकार एकाचा असतो आणि तो एकटाच पुरतो. परक्या देशातल्या बाजाराचेही तसेच आहे. प्रश्नावली पसंती मोजते आणि तिला उत्तर देणारा माणूस बहुधा सभ्य असतो; फुकट चाखलेल्या पदार्थाला तो वाईट म्हणत नाही. पण माल मागे फिरवण्याचा अधिकार पुष्कळदा त्याच्याकडे नसतोच. आपल्या गावच्या बाजारात मोडता घालणारे कोण, हे आपल्याला न शिकवता ठाऊक असते: आडत्या, हमाल, तोलणारा, पावसाने तुटलेला रस्ता. म्हणून तिथे अभ्यासावाचून भागते. परदेशात हे पिढीजात ज्ञान शून्यावर येते. तेव्हा बाजार संशोधनाचे पहिले काम नकाराचा पत्ता शोधणे हे आहे. होकार किती, ही मोजदाद त्यानंतरची.

आपल्यावरही असे संशोधन झालेले आहे, आणि ते कसे होते हे पाहण्यासारखे आहे. जॉन फोर्ब्स वॉटसन हा मुंबई इलाख्याच्या लष्करी वैद्यकीय सेवेतून पुढे लंडनच्या इंडिया म्युझियममध्ये गेलेला माणूस. १८६६ साली त्याने भारतीय कापडांच्या ७०० नमुन्यांचे १८ खंड तयार करवले. असे वीस संच निघाले; तेरा ब्रिटनमधल्या कापड गिरण्यांच्या शहरांना दिले, सात भारतात ठेवले. नमुने म्हणजे खरोखरचे कापलेले कापड, सोबत लांबी, रुंदी, वजन. त्याने गिरणीमालकांना सांगितले त्याचा आशय असा की इथे वस्त्र पुष्कळदा मागावरून थेट अंगावर जाते. पागोटे, धोतर, लुगडे शिंप्याकडे जातच नाही. म्हणून लांबी, रुंदी, काठ आणि पदर यांचे मोजमाप चुकले, तर कापड कितीही तलम आणि स्वस्त असो, ते पडून राहणार. यात भारतीयांना कोणता रंग आवडतो हा प्रश्न दुय्यम होता. चार बोटे कमी पडलेला काठ सौदा मोडतो, हे त्याने ओळखले होते. त्या खंडांनी इथल्या विणकरांच्या पोटावर पाय आणला, आणि त्यामागचा साम्राज्याचा हिशेब विसरण्याचे कारण नाही. पण वसाहतीच्या नावाने बोटे मोडताना पद्धत मात्र शिकून घ्यावी, इतकी ती नेमकी होती.

याच्या उलट उदाहरण सव्वाशे वर्षांनंतरचे. केलॉग्ज १९९४ साली तळोज्याला कारखाना घालून भारतात उतरली. मध्यमवर्ग केवढा, न्याहारी किती जण करतात, असले आकडे मोठे आणि मोहक होते. नवलाई म्हणून लोकांनी पहिले खोके घेतलेही, दुसरे घेतले नाही. इथे घरोघर दूध तापवतात आणि मुलांना गरमच देतात. गरम दुधात मक्याच्या कुरकुरीत पापड्यांचा क्षणात लगदा होतो. मोडता घातला तो दुधाच्या पातेल्याने. अमेरिकेत बसून न्याहारीची बाजारपेठ मोजणाऱ्याला हे पातेले दिसणे शक्य नव्हते, कारण त्याच्या लेखी दूध फ्रिजमधून निघत असे. त्या कंपनीला मुळशी हाच परदेश होता, हे आपण सहसा लक्षात घेत नाही.

आता आपला माल बाहेर जातो तेव्हाचे पाहू. १ मे २०१४ पासून युरोपीय संघाने भारतातल्या आंब्याला दार बंद केले. सोबत वांगी, कारली, पडवळ आणि अळू. आदल्या वर्षी भारतातून गेलेल्या फळे-भाज्यांच्या २०७ खेपांमध्ये फळमाशी आणि इतर किडी सापडल्या होत्या. लंडन, लेस्टर इथल्या दुकानदारांनी आरडाओरड केली, लेस्टरचे तेव्हाचे खासदार कीथ वाझ यांनी बंदीविरुद्ध आवाज उठवला, वृत्तपत्रांनी हापूसच्या गोडीवर रकाने भरले. ग्राहकाचा होकार यापेक्षा ढळढळीत असू शकत नाही. तरी बंदी जशीच्या तशी राहिली. कारण ज्याच्या वतीने नकार दिला गेला तो माणूस आंबा खाणारा नव्हताच. तो इंग्लंडमधला काचघरात टोमॅटो आणि काकडी पिकवणारा शेतकरी होता. त्याचा धंदा सुमारे ३२ कोटी पौंडांचा, आणि ही माशी काचघरात शिरली तर काय होईल ही त्याची धास्ती. देवगड-रत्नागिरीतल्या बागायतदाराने इंग्लंडच्या बाजाराचा अभ्यास करताना टोमॅटोवाल्याकडे जाऊन बसावे, हे कोणत्या प्रश्नावलीत आले असते? निर्यातीच्या मालाची तपासणी मान्यताप्राप्त पॅकहाउसमधूनच करण्याची सक्ती झाली, फळांवर उष्ण प्रक्रियेची सोय दाखवली गेली, तेव्हा कुठे जानेवारी २०१५ मध्ये आंब्याची बंदी उठली.

जपानने याच फळमाशीपायी १९८६ पासून वीस वर्षे आंबा अडवला; २००६ साली फळाच्या गाभ्याला ४७.५ अंश उष्णता वीस मिनिटे देणारी बाष्पप्रक्रिया मान्य झाल्यावर तो आत गेला. अमेरिकेचा किस्सा आणखी वळणाचा आहे. १९८९ पासून बंद असलेली ती बाजारपेठ २००७ च्या एप्रिलमध्ये उघडली, तीही फळाला ४०० ग्रे इतक्या किरणोत्साराची मात्रा देण्याच्या अटीवर. ही सोय होती लासलगावला, कांद्याला मोड येऊ नयेत म्हणून उभारलेल्या भाभा अणुसंशोधन केंद्राच्या प्रकल्पात. म्हणजे कोकणातला आंबा अमेरिकेला जाण्यासाठी आधी घाट चढून कांद्याच्या गावी जाणार! शिवाय प्रक्रियेवर देखरेखीला अमेरिकी कृषी खात्याचा निरीक्षक हजर पाहिजे, आणि त्याच्या येण्याजाण्याचा खर्च आपल्याकडे. कोविडमध्ये तो निरीक्षक येऊ शकला नाही आणि दोन हंगाम निर्यात बंद पडली. २०२२ मध्ये ती पुन्हा सुरू झाली. फळ होते, गिऱ्हाईक होते, भावही होता. एक माणूस विमानात बसू शकला नाही, एवढ्यावर सगळे अडले.

द्राक्षवाल्यांनी हा धडा सर्वांत महाग किमतीला घेतला आहे. १९९१ मध्ये महाराष्ट्रातल्या द्राक्ष उत्पादकांच्या सहकारी संस्थांनी एकत्र येऊन ‘महाग्रेप्स’ उभारली. शीतकरण, मण्यांचा आकार, घडाची बांधणी, पेटीत घालायचे सल्फरचे कागद, हे सगळे ते इंग्लंडमधल्या खरेदीदारांकडून, आणि मागे आलेल्या मालाकडून, शिकत गेले. २००३ मध्ये नेदरलँड्समध्ये भारतीय द्राक्षांत कीटकनाशकांचे अंश सापडल्यावर बागेपासून पेटीपर्यंत तपासणीची साखळी बसवण्यात आली; २००६ पासून तिची ‘ग्रेपनेट’ ही संगणकी नोंद सुरू झाली आणि पुण्याजवळ मांजरीला असलेल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राकडे प्रयोगशाळांवर लक्ष ठेवण्याचे काम आले. एवढी व्यवस्था देशात दुसऱ्या कोणत्याही फळाला क्वचितच मिळाली असेल. तरीही २०१० च्या हंगामात युरोपच्या बंदरांत भारतीय कंटेनर अडकले. कारण होते क्लोरमेक्वाट क्लोराइड, बागायतदारांच्या भाषेत ‘सीसीसी’. एप्रिल छाटणीनंतर फुटीचा जोर आवरावा आणि काडीत घड धरावा म्हणून ते वर्षानुवर्षे फवारले जात होते. युरोपची मर्यादा किलोमागे ०.०५ मिलिग्रॅम, आपल्या तपासणीच्या यादीत मात्र त्याचे नावच नव्हते. प्रयोगशाळांनी जे विचारले त्याचे उत्तर बरोबर आले होते, पण विचारलेच नव्हते ते रॉटरडॅमला सापडले. भाव कोसळले, आणि कित्येक बागायतदारांची ती वर्षे कर्ज फेडण्यात गेली.

यात एक बारकावा आहे, तो सुटला तर सगळाच अभ्यास फुकट. सरकारी मर्यादा पाळली म्हणजे दार उघडले असे होत नाही. जर्मनीतल्या काही मोठ्या दुकानसाखळ्या कायद्याने चालणाऱ्या अंशाच्या एक-तृतीयांशापुढे माल घेत नाहीत. काही जण एका नमुन्यात किती वेगवेगळी औषधे सापडावीत यावरही आकडा घालतात. ही अट कोणत्याही राजपत्रात छापलेली नसते, ती खरेदी अधिकाऱ्याच्या करारात असते. म्हणजे नकार देणारे दोघे झाले आणि दोघांच्या मोजपट्ट्या वेगळ्या. पहिला परदेशी सरकारच्या संकेतस्थळावर भेटतो, दुसऱ्याला गाठण्यासाठी तिकीट काढून जावेच लागते.

हे सगळे नाशवंत मालाचे झाले, यंत्रांचे तसे नसते, असे कोणी म्हणेल. नेऱ्यापासून फार लांब नसलेल्या आकुर्डीच्या बजाज ऑटोकडे पाहावे. भारतात ज्या ‘बॉक्सर’चे नाव लोक विसरले, तीच मोटारसायकल आफ्रिकेत कंपनीचा आधार झाली. नायजेरियातली ‘ओकाडा’, युगांडातली ‘बोडा-बोडा’ म्हणजे भाड्याने चालणारी मोटारसायकल; तिचा मालक दिवसाला कमावतो, दिवसाला हप्ता देतो. त्याला वेग आणि रंग यांच्यापेक्षा गाडी एक दिवस बंद पडली तर काय, ही चिंता. तिथे स्वस्त चिनी गाड्या आधीच होत्या. त्यांच्यापुढे दणकट सांगाडा, लांब सीट, खड्ड्यांना पुरणारे सस्पेन्शन आणि गल्लीबोळात मिळणारे सुटे भाग घेऊन बॉक्सर टिकली. मेकॅनिकने ‘ही घेऊ नको’ म्हणू नये, ही इथली खरी परीक्षा होती. पण पुढचा नकार मेकॅनिककडून आलाच नाही. १ फेब्रुवारी २०२० पासून लागोस राज्य सरकारने शहराच्या मोठ्या भागात ओकाडा आणि तीनचाकी ‘केके’ यांना बंदी केली. पुढे जून २०२३ मध्ये नायजेरियाने नायराचा दर मोकळा सोडला, चलन घसरले आणि तीच गाडी स्थानिक पैशांत कितीतरी महाग झाली. कंपनीच्या निर्यातीचे आकडे त्याबरोबर खाली आले. नकाराचा पत्ता बदलत राहतो. आज मेकॅनिकच्या टपरीवर असतो, उद्या वाहतूक खात्यात, परवा मध्यवर्ती बँकेत. जाकार्तात तर नावानेच घोटाळा केला असावा. तिथे तीनचाकी रिक्षालाच ‘बजाज’ म्हणतात, टांझानियात ‘बजाजी’. नाव इतके रुजणे ही कोणत्याही कंपनीला हेवा वाटावा अशी गोष्ट. पण २००६ पासून इंडोनेशियात ‘पल्सर’ विकायला गेल्यावर तिचा जम बसला नाही. होंडा-यामाहाचा पगडा हे मोठे कारण होतेच. तरी रिक्षाचे नाव टाकीवर लिहिलेली स्पोर्टी मोटारसायकल घेताना तरुण कचरला असेल, असा माझा तर्क आहे.

या मांडणीवर तीन आक्षेप येतात. पहिला असा की हे नियम म्हणजे श्रीमंत देशांनी आपल्या शेतकऱ्याला वाचवण्यासाठी उभारलेल्या भिंती आहेत. त्यांचा अभ्यास करण्यापेक्षा त्यांच्याशी भांडले पाहिजे. भिंती आहेत हे खरेच. पण भांडायचे तरी भिंत कोणी बांधली, कोणाच्या पैशाने, हे कळल्याशिवाय कोणाशी भांडणार? टोमॅटोवाला दिसला म्हणूनच ‘तुझ्या काचघराला धोका नाही’ असा पुरावा देता आला. तो दिसला नसता तर आपण हापूसचे गुणगान करत बसलो असतो. दुसरा आक्षेप खर्चाचा. वीस-पंचवीस एकरांच्या शेतकरी गटाने रॉटरडॅम, टोकियो, लागोसला माणसे कुठून पाठवावीत? पण नकारांची नोंद होकारांपेक्षा स्वस्त आहे, किंबहुना फुकट. युरोपीय संघाची अन्नाबद्दलची इशारा व्यवस्था १९७९ पासून आहे आणि कोणत्या देशाचा कोणता माल कशामुळे अडवला हे कोणालाही पाहता येते. अमेरिकेचे अन्न व औषध प्रशासन नाकारलेल्या मालाची यादी नियमित जाहीर करते. मिरची, हळद, डाळिंब, तांदूळ, ज्याचा विचार असेल त्याच्या गेल्या पाच वर्षांतल्या नकारांची कारणे एका दुपारी वहीत उतरवता येतात. महागडा अहवाल विकत घेण्यापूर्वी हे काम झालेले मी फार थोड्या प्रकल्प-प्रस्तावांत पाहिले आहे. बहुतेकांत लोकसंख्या आणि दरडोई उत्पन्न यांचे तक्ते असतात.

तिसरा आक्षेप आपल्या जिव्हाळ्याचा आहे. परदेशात आपली माणसे आहेतच की! लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ पासूनचे, अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळाची अधिवेशने भरतात. त्यांच्यापासून सुरुवात केली तर अभ्यास कशाला? सुरुवात जरूर करावी, पण त्यांच्याकडून बाजार कळेल अशी आशा धरू नये. गणपतीच्या दिवसांत वरणभाताच्या घासाला जो दाद देतो तो चवीबरोबर आठवणीलाही दाद देत असतो. शिवाय हा माणूस वर्षा-दोन वर्षांनी पुण्याला येतो आणि परतताना बॅगेत चार किलो तांदूळ घालतो. दुकानदाराच्या दृष्टीने तो स्पर्धक आहे. त्याचा खरा उपयोग वेगळ्या कामाला होतो. त्याच्या शहरातले भारतीय किराणा दुकान कोणाकडून माल घेते, तो घाऊक व्यापारी किती महिन्यांनी पैसे देतो, पाकिटावर कोणती माहिती नसली की बंदरात अडते, हे तो विचारून सांगू शकतो. आवड विचारण्यापेक्षा त्याला असे निरोप्याचे काम द्यावे.

मग नेऱ्याच्या इंद्रायणीला मोडता कोण घालेल? पावसाळी, ढगाळ, दमट हवेत भातावर करपा येतो आणि त्यावर ट्रायसायक्लाझोल हे बुरशीनाशक सर्रास वापरात आहे. युरोपीय संघाने २०१७ मध्ये तांदळातली त्याची मर्यादा किलोमागे १ मिलिग्रॅमवरून ०.०१ वर आणली, म्हणजे शंभरपट कडक. पंजाब-हरियाणाच्या बासमतीला त्याचा फटका बसला, पाकिस्तानी निर्यातदारांना त्या पोकळीचा लाभ झाला आणि पंजाब सरकार पुढे हंगामापुरती या आणि अशा औषधांची विक्री रोखू लागले. म्हणजे मुळशीतल्या गटाला युरोपचा विचार करायचा तर पाकिटाचा रंग ठरवण्याआधी करप्याचे औषध बदलावे लागेल, आणि शेजारच्या खाचरातून वाऱ्याने येणाऱ्या फवाऱ्याचे काय, हेही ठरवावे लागेल. दुसरा नकार घरचाच. २० जुलै २०२३ रोजी केंद्र सरकारने बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद केली. अमेरिकेतल्या भारतीय दुकानांत सोना मसुरीसाठी रांगा लागल्या, पोत्यांवर मर्यादा आल्या. ही बंदी सप्टेंबर २०२४ पर्यंत राहिली. सुवासिक इंद्रायणी आणि साधा स्वस्त तांदूळ यांत दिल्लीच्या कागदावर फरक नव्हता, दोन्ही बिगर-बासमतीच. २०२५ च्या अर्थसंकल्पाने भौगोलिक निर्देशांक मिळालेल्या तांदळांना वेगळा शुल्कक्रमांक दिला. आंबेमोहरला तो निर्देशांक आहे. इंद्रायणी संशोधन केंद्रातली सुधारित जात, तिला नाही. तेव्हा उद्या पुन्हा बंदी आली तर कमी उत्पन्न देणारा, वाऱ्यापावसात लोळणारा जुना आंबेमोहर कदाचित वाचेल आणि त्याची लेक अडकेल. परदेशी बाजाराचा विचार करता करता गटाला पेरणीची जातच बदलावी लागेल, असा हा पेच आहे.

आणि त्याही आधीचा एक नकार, ज्याचा पत्ता गावातच आहे. परदेशी खरेदीदाराला सलग पाच-सात वर्षे, त्याच शिवारातला, त्याच प्रतीचा माल लागतो. त्याच्या करारात ते पहिल्या पानावर असते. नेरे हे पिंपरी-चिंचवड महापालिकेत घ्यायच्या म्हणून ज्या सात गावांची नावे वर्षानुवर्षे घेतली जातात, त्यांतले एक. हिंजवडी, माण, मारुंजी, जांबे, गहुंजे, सांगवडे ही बाकीची. या पट्ट्यात गुंठ्याचा भाव आणि भाताचा भाव यांची तुलना कोणी करतही नाही. रॉटरडॅमच्या खरेदी अधिकाऱ्याला पत्र लिहिण्यापूर्वी गटाने आपल्याच सभासदांना विचारायचा प्रश्न सातबाऱ्याचा आहे: पुढच्या पाच पावसाळ्यांत यातल्या किती खाचरांवर लावणी होणार आहे?